अनोळखी नावाचं टपाल

झाशीच्या हिवाळ्यात दुपारचं ऊन खोलीत शिरलं की मला अजून संगणकाचा तो काळा पडदा दिसतो, आणि त्यावर सावकाश उमटणारी पांढरी अक्षरं. सदर बाजारातल्या एका कचेरीत मी मेल सर्व्हर सांभाळायचो. साहेबांच्या परवानगीने आमच्या मराठी मंडळाचं डोमेनही, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव, त्यावरच चालवायचो. गावात मराठी घरं मोजकी, पण प्रत्येकाला आपला ईमेलचा पत्ता हवा! मंडळाची सभासदांची यादी समोर ठेवून मी एका बैठकीत सगळ्यांचे पत्ते करून टाकले. आईचाही केला.

आईला तो एकाच माणसासाठी हवा होता. ग्वाल्हेरची मावशी, तिची थोरली बहीण, एका लग्नातल्या मानापानावरून कितीतरी वर्षं तिच्याशी बोलत नव्हती. मावशीच्या मुलीकडून आईने निरोप धाडला, "म्हणावं, बोलायचं नसेल तर लिही. आधी माझं नाव, पुढे मंडळाचं." मुलीने मावशीला ईमेल शिकवलंही.

मग आई रोज विचारायची, "काय रे, आलं काही?"

"नाही."

"अरे, ठीक से बघ की एकदा."

हळूहळू तिने विचारणं सोडलं. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत गच्चीवर बसून राहायची. मला ते पाहवत नसे. मावशीचा राग यायचा. एवढा कसला ताठा!

एका दुपारी कचेरीत सामसूम होती. आईची पेटी रिकामीच होती, म्हणून उगाच एक कमांड देऊन मी मंडळाच्या डोमेनची सगळी सेटिंग्ज पडद्यावर मागवली. अर्धवट झोपेत गाडीतून स्टेशनं जाताना दिसावीत तशा ओळी सरकत गेल्या. डोमेन चालू आहे, खाती इतकी, प्रत्येकाला जागा इतकी. एका ओळीवर मी थांबलो. यादीत नसलेल्या नावाची पत्रं परत न पाठवता एका वेगळ्या पेटीत टाकावीत, असं तिथे होतं. ही सोय मीच केली होती आणि ती पेटी एकदाही उघडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

जाहिरातींच्या ढिगात ग्वाल्हेरची सात पत्रं निघाली. पत्त्यातलं नाव ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. ते आईचं माहेरचं नाव होतं. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, तेच रेशनकार्डावर, तेच मंडळाच्या यादीत. मावशीच्या तोंडी मात्र बहिणीचं एकच नाव, माहेरचं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, याची फार लाज वाटली.

पत्रं छापून मी स्कूटरने घरी गेलो. गच्चीवर बसलेल्या आईला चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचू लागलो. सुरुवातीलाच ते नाव होतं. मी ते उच्चारलं तशी आई दचकून जिन्याकडे वळून पाहू लागली. आमच्या घरात तिला कुणी कधी त्या नावाने हाक मारली नव्हती.

शेवटचं पत्र एवढंच होतं: "पुष्कळ लिहिलं. आता समजते, माझी ती धाकटी राहिलीच नाही."

आई पदराने डोळे पुसून म्हणाली, "त्याच नावाने लिही रे. म्हणावं, आहे मी अजून."