हजेरीच्या क्रमाने

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी कल्याणजवळच्या मुलींच्या एका बालगृहात एकोणीस मुलींनी आमची प्रश्नावली भरली. बालगृहातल्या मुलांमधली नशा आणि त्यांचं मानसिक स्वास्थ्य, असा अभ्यासाचा विषय होता. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी हे सर्वेक्षणाचं काम धरलेलं. हे सहावं बालगृह.

कागदावर नाव घालायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं. पंधरा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "ताई, खरं लिहायचं की पाहुण्यांना सांगतो तसं?"

शेजारची म्हणाली, "तू पाहुण्यांसारखंच लिही. तुला मावशीकडे जायचंय ना?"

"खरंच लिहा," मी म्हटलं. "कुणी काय लिहिलंय, मलाही कळणार नाही."

परीक्षा संपली की ती मुलगी कोपरला सख्ख्या मावशीकडे राहायला जाणार होती. बाल कल्याण समितीचा शेवटचा होकार तेवढा यायचा होता. मावशीनं शिलाई मशीन गॅलरीत हलवून तिच्या खाटेला जागा केली होती.

साडेअकराला मला ऑफिसात चहाला बोलावलं. मी गेले. परतले तेव्हा तिथल्या काळजीवाहक बाईंनी कागद गोळा करून ठेवले होते. त्या घरात मुली ताट घ्यायला, औषधाला, पंगतीला हजेरीच्या क्रमानेच असतात. कागदही त्याच क्रमाने गोळा झाले आणि माझ्या हाती येण्याआधी बालगृहाच्या अधीक्षिकांच्या खोलीतल्या टेबलावरून गेले. आठवा कागद हजेरीतल्या आठव्या मुलीचा, म्हणजे मावशीकडे जाणाऱ्या त्या मुलीचाच. 'व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगलं आहे का' या प्रश्नापुढे तिनं 'गेल्या महिन्यात' वर खूण केली होती.

हे मला तीन आठवड्यांनी, दुसऱ्या भेटीत अधीक्षिकांकडूनच कळलं. त्यांनी समितीला कळवलं होतं आणि मावशीकडे पाठवणं थांबलं होतं. माहिती गोपनीय होती, असं मी म्हटलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "मॅडम, तुम्ही संध्याकाळी ठाण्याला जाता. पोर माझ्या ताब्यात आहे. कळल्यावर गप्प बसू?"

मुलगी जिन्यात भेटली. तिनं वाट सोडली, भिंतीला टेकली.

"तुम्ही बोललेलात कळणार नाही म्हणून."

मी हो म्हटलं. चहाचं सांगितलं नाही.

समितीला मी पत्र दिलं. चूक माझी आहे, तो कागद पुरावा म्हणून धरू नये, एवढंच लिहिलं. पोच मिळाली. सुनावणीची पुढची तारीख मिळाली नाही. मेमध्ये मावशी दोन रविवारी भेटायला येऊन गेली. खाट अजून तशीच आहे, असं ती फाटकात म्हणाली.

सप्टेंबरमध्ये सर्वेक्षणाची दुसरी फेरी झाली. या वेळी मी कुलूपबंद पेटी नेली. चहाला गेले नाही. प्रत्येकीनं आपला कागद स्वतः पेटीत टाकला. ती मुलगी हजेरीत आठवीच होती. पेटी मी ठाण्याच्या ऑफिसात उघडली. एकोणीस कागद निघाले. एकोणीसही कागदांवर त्या प्रश्नापुढे 'कधीच नाही' वर खूण होती.