तिरडीची आगाऊ ऑर्डर

"मावशी, उद्या सकाळी तिरडीची चादर पाहिजे," गजानन सर म्हणाले. उद्या एक मे, म्हणून मी झेंड्यात बांधायच्या पाकळ्या निवडत होते. हात थांबला.

राजापेठेत माझं फुलांचं दुकान आहे. चादर म्हणजे फुलांच्या लडी उभ्याआडव्या बांधून केलेली जाळी. मढ्यावर घालतात. ती कोणी आदल्या दिवशी सांगत नाही. माणूस गेला की नातेवाईक धावत येतात.

कोण गेलं, विचारलं. अजून कोणी नाही म्हणाले. लांबी विचारली तर म्हणाले, नेहमीच्या माणसाची धरा. मग मागेपुढे पाहून हळूच बोलले, "कोणाले सांगू नका."

सरांचा मागच्या गल्लीत ट्यूशन क्लास आहे. घरी ते आणि त्यांची आई, शांताबाई. ती माझ्याच वयाची, बरेच दिवस दुकानाकडे फिरकली नव्हती. आई कशी आहे, विचारलं. "हाये तशीच," म्हणून त्यांनी गाडीला किक मारली.

माझ्या डोक्यात नको ते आलं. पोरगा एकुलता, घर आईच्या नावावर. मी एकही फूल ओवलं नाही. सुनेला दुकानावर बसवलं आणि त्यांच्या घरी गेले.

शांताबाई कूलरसमोर बसून आंबा चोखत होती. तुझ्या पोरानं तिरडीची चादर सांगितली, असं मी तिला सरळच सांगितलं. तिनं कोय ताटलीत ठेवली आणि पोराला हाक मारली.

सर आतून आले. चेहरा उतरलेला. "आई, तिरडी तुही नाही. महाराष्ट्राची हाये."

एक मेला राज्य झालं, म्हणून त्या दिवशी झेंडावंदन असतं. आमच्याकडे वेगळा विदर्भ मागणारे काही लोक तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. सर त्यांच्यातले निघाले. राज्याच्या नकाशाची अंत्ययात्रा काढायची होती. पोलिसांना कळू नये म्हणून सगळं गुपचूप.

शांताबाई हसली नाही. माझ्याकडे वळली. "त्याच्या डोक्यात महाराष्ट्र होता. तुह्या डोक्यात मी काहून आली?"

मी दुकानात परतून फुलं ओवायला बसले.

चादर मी वेळेवर दिली. यात्रा चौकापर्यंतही गेली नाही. पोलिसांनी तिरडी फुलांसकट गाडीत टाकली. सर संध्याकाळी सुटून आले. शांताबाई आता समोरच्या दुकानातून हार घेते.

आगाऊ ऑर्डर आली की मी आधी मेलेल्याचं नाव विचारते. राज्य असलं तरी चालतं.