त्याच्या नावाची मूठ

त्याच्यावर मी आयुष्यभर जळलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाचा समजायला नको. सुरतेपासून भुसावळपर्यंत ज्याच्या गाण्याच्या पार्टीला मैदानं भरायची, तो गिटार घेऊन पुढे उभा राहणारा गायक नंदुरबारला आमच्या घरामागच्या रेल्वे चाळीत वाढला. त्याचे वडील पॉइंट्समन होते. आई तो चालायला लागायच्या आतच वारली होती. माझे वडील कचेरीत कारकून, शेती तापीकाठच्या गावी, आणि भाऊबंद एवढे की लग्नाच्या पत्रिका आम्हालाच पुरायच्या नाहीत.

आम्ही एकाच वर्गात होतो. वडिलांनी मला पेटी शिकायला मास्तरांकडे घातलं. सहा वर्षं मी बोटं मोडेपर्यंत अलंकार घोटले. त्याला कुणी काही शिकवलं नाही. शाळा सुटली की तो आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि आई भाकरी थापता थापता जे गुणगुणायची ते ऐकत राहायचा. आईकडे कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी होती. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, तिच्यापुढे बायका रात्रभर गातात, आणि आमच्या भाऊबंदांत आईशिवाय गाण्याला कुणी तोंड फोडत नसे. काही गाणी तिची स्वतःची होती. मला त्यांची लाज वाटायची. अहिराणीतली, कधी लांबणारी, कधी मध्येच तुटणारी ती गाणी माझ्या पेटीच्या कोणत्याच हिशेबात बसत नव्हती. मास्तर म्हणायचे, त्यांना ना ताल ना तोल. मीही तसंच म्हणायचो.

शाळेत गेल्यापासून मी तिला आई म्हणायला लागलो होतो. तो माय म्हणायचा. हेही मला खुपायचं, पण तोंड उघडून बोलायची सोय नव्हती.

त्याच्या बाकीच्या गुरूंचीही गंमतच. वडिलांच्या ओळखीच्या एका गँगमनबरोबर तो होळीला डोंगरातल्या काठी गावी गेला. तिथे ढोल वाजतात ते पहाटेपर्यंत. तिथून तो सुजलेली बोटं घेऊन आला आणि पुढे महिनाभर बाकावर, पाटीवर, माझ्या पाठीवर तोच ठेका धरत राहिला. स्टेशनसमोरच्या हॉटेलात रेडिओ होता. एका कपात दोन तास बसून इंग्रजी गाणी ऐकायची, शब्द एकही कळायचा नाही, पण घरी येऊन तोंडानं गिटार वाजवून दाखवायची. मग कुठून तरी सुरतेहून खरीच जुनी गिटार आली. ती लावायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं सरळ माझ्या आईला गायला लावलं आणि तिच्या आवाजाला तारा जुळवल्या. मी शास्त्र सांगायला गेलो तर दोघंही हसली.

मॅट्रिकच्या वर्षी आम्ही चौघांनी पार्टी काढली. लग्नाच्या बँडमधला एक ड्रमवाला, एक ढोलवाला, मी पेटीवर आणि तो पुढे. त्याला रॉक म्हणतात हे आम्हाला सुरतेच्या कॉलेजातल्या पोरांनी नंतर सांगितलं. तोवर आम्ही नुसता गोंगाट करायचो. सगळ्यांत सुरात मीच असायचो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण लोक माझ्याकडे बघायचेच नाहीत. तो मान मागे टाकून आईच्या गाण्यातली ती लांबण घ्यायचा, मागून काठीचा ढोल यायचा, आणि खुर्च्यांवरची माणसं उभी राहायची. शाबासकी द्यायला येणारा माणूस माझ्या खांद्यावरून हात लांबवून त्याचा हात धरायचा.

मग त्या वर्षीचा श्रावण आला. आमच्या घरी रीत अशी की कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे आणि ते वेगळे दळायचे. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. आई सुपात गहू मोजत होती आणि मी दारात उभा होतो. आजोबांच्या नावानं, वडिलांच्या, काकांच्या, माझ्या. सगळे झाले. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा हात घातला आणि आणखी एक सव्वा मूठ सुपात टाकली. कुणाची, ते मला विचारावं लागलं नाही.

पार्टीत तो पुढे उभा राहत होता ते मी कसंबसं गिळलं होतं. टाळ्या त्याच्या, नाव त्याचं, असू दे. पण सुपातली माझी जागा माझी होती. 

दोन दिवसांनी पंगत बसली. आईनं त्याला माझ्या शेजारी बसवलं होतं. मुलाचा दोस्त, गाणारा पोरगा, म्हणून भाऊबंदांनी काही विचारलं नाही. त्याला साधं जेवण वाढतील असंच त्यांनी धरलं असावं. त्याच्या पानात रोट पडला. त्यानं घास मोडला. तेवढ्यात मी मोठ्या काकांना म्हणालो, "काका, यंदा एक मूठ जास्तीनी शे. ह्याना नावनी."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, तू ऊठ. हाई ताट तुन्हं नही."

त्यानं मोडलेला घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि गेला. भरल्या ताटावरून शत्रूलाही उठवू नये म्हणतात. मी जेवलो. सगळा रोट संपवला, कारण तो टाकून चालत नाही.

कानबाईपुढे आईनं त्या रात्री तोंड उघडलं नाही. घसा बसलाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी कानबाई विसर्जनाला नदीवर निघाली तरी गाणं नाही. मी तिच्याशी भांडायला गेलो. म्हटलं, पोटचा मी की तो? तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"बारा वरीस तुन्हा मोरे गानं गायं मी," ती म्हणाली. "एक कडी तरी येस का तुले?"

मला येत नव्हती. एकही नाही.

तो सुरतेला निघून गेला आणि तिथे त्याची मोठी पार्टी झाली. मी कचेरीत चिकटलो. आईचा घसा पुढची पाच वर्षं बसलेलाच राहिला. मग एकदा नवापूरला त्याचा कार्यक्रम असल्याचं कळलं आणि आईनं स्वतः होऊन मला म्हटलं, घेऊन चल. आम्ही दुपारच्या गाडीनं गेलो. तो आम्हाला पाहून मंडपाबाहेर धावत आला आणि जुन्या गोष्टीचं एक अक्षर काढलं नाही. त्याचा तो चांगुलपणाही मला सोसला नाही. त्याचा पेटीवाला तापानं पडला होता. तो म्हणाला, तू बसशील का? मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली.

पहिली चार गाणी मी झकास वाजवली. पाचवं गाणं आईचं होतं. समोर हजारभर माणसं, मागे विजेची गिटार आणि तो ढोल, आणि गाणं आमच्या स्वयंपाकघरातलं. मी सूर शोधायला लागलो. ओळ कुठे लांबेल, कुठे तुटेल, मला कळेना. दोनदा चुकलो. त्यानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, नुसतं मला सांभाळत गात राहिला. शेवटी मी एकच सूर दाबला आणि गाणं संपेपर्यंत भाता हलवत बसलो. आई पहिल्या रांगेत होती. तिचे ओठ हलत होते.

कार्यक्रम संपल्यावर तो तिच्या पाया पडला. तिनं त्याचा कान धरला. "तिसरी कडी खाई गया रे तू. इतली घाई कसानी शे तुले?" तो मान खाली घालून उभा राहिला. तिथेच, गर्दीत, तिनं त्याला ती कडी दोनदा म्हणून दाखवली आणि त्याच्याकडून म्हणवून घेतली. पाच वर्षांनी मी तिचा गाण्यातला आवाज ऐकत होतो.

मग ती माझ्याकडे वळली. मीही माझा कान पुढे करायला तयार होतो.

"पेटी गोड वाजाडी तू," ती म्हणाली. पाहुण्यांच्या मुलांशी ती अशीच बोलायची.