आईच्या ओठांवरचं वाक्य

परदेशात मी एकदाच गेलो, तेही शेठच्या खर्चाने. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. सुरतेत पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे माग यायला लागले होते आणि आमच्या शेठने कोरियातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुने माग घ्यायचं ठरवलं. ते पारखायला, सुटे करून पेटाऱ्यांत भरायला माहीतगार माणूस हवा होता. मी सुरतेतल्याच लिंबायत भागात त्याच्याच कारखान्यात फिटर. हातात पाना धरायला मला वडिलांनी शिकवलं होतं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आबा धुळ्याकडून सुरतेला आले, तीस वर्षं लूमवर उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून घरी परतले. कारखान्यात असेपर्यंत त्यांचा बहिरेपणा कुणाच्या लक्षात आला नाही. लूम चालू असताना तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे ओठांवरून बोलतात. समोरच्याचं तोंड दिसलं की लांबूनही चहा मागवता येतो, शिवीही देता येते. काम सुटून घरी बसल्यावर कळलं, की त्यांना काहीच ऐकू येत नाही. तेव्हापासून आई त्यांच्या समोर बसायची आणि घरात कुणीही काही बोललं की आवाज न काढता ते ओठांवर उतरवायची. भाजीवालीचा भाव, नातीचे हट्ट, शेजारचं भांडण. भाकरी थापताना तिचे ओठ हलत असायचे. ती ते ठरवून करत नव्हती, आपोआप व्हायचं.

कोरियात पहिले पंधरा दिवस ठीक गेले. शेठ सौदा उरकून परतला, मी पेटारे भरत मागे राहिलो. शेवटचा पेटारा बंद केला त्याच दिवशी कळलं, की कंटेनर चार दिवस उशिरा येणार. मला काही कामच उरलं नाही. भात, उकडलेली अंडी आणि केळी यांवर दिवस काढताना मला एकदाही रडू आलं नव्हतं. पण त्या रिकाम्या हॉलमध्ये, जिथे जमिनीवर मागांच्या पायांचे तेलकट चौकोन तेवढे उरले होते, मी बसलो आणि रडलो. मला आमची गल्ली हवी होती. गल्लीतलं गटारसुद्धा हवं होतं. बायकोचं ओरडणं हवं होतं, पाच वर्षांच्या मुलीने माझ्या बनियनला पुसलेले हात हवे होते. आबा त्यात होते की नाही, हे मला आज खरोखर सांगता येत नाही.

तिथल्या ऑफिसातल्या बाईंना माझी दया आली असावी. दुपारी त्यांनी मला घरी फोन लावू दिला. आमच्या गल्लीत फोन एकाच किराणा दुकानात होता. आधी निरोप दिला, थोड्या वेळाने परत लावला. बायको आली. मुलगी बरी आहे म्हणाली, आणि लगेच आमच्या धुळ्याकडच्या बोलीत, "आबा उनात. त्यास्ले बोलनं शे."

फोनवर ओठ दिसत नाहीत हे आबांना माहीत होतं. तरी ते दुकानात आले होते, त्यांना बोलायचं होतं.

"जेवना का? थंडी शे का तठे? अठे शेवगाले शेंगा उन्यात. नळले दोन दिन व्हयनात पानी नही. तुन्ही आंडेर आते मना ताटमा जेवस." मी जेवलो का, हे आधी; आणि माझी आंडेर, म्हणजे लेक, आता त्यांच्या ताटात जेवते, हे शेवटी.

बहिरा माणूस ओरडून बोलतो. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून अख्ख्या ऑफिसात पसरला. मी म्हणत होतो, आबा, फोन तिला द्या, मुलीला द्या. ते शेंगांबद्दल सांगत होते. टेबलांमागच्या दोन पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. मला लाज वाटली. मग मीही हसलो, आणि हसत हसत, कुणाला काही कळू नये अशा गोड आवाजात म्हणालो, "त्या बहिऱ्याले फोन कोनी दिधा? कानसंगे अक्कल बी गई त्यानी. सरकावा त्याले बाजूले."

रिसीव्हर आबांच्याच कानाला आहे, असं मी धरून चाललो होतो. म्हणजे ते वाक्य कुणाच्याही कानी पडणार नव्हतं. तेवढ्याच धाडसावर मी ते बोललो.

आबा मध्येच थांबले. मग बायको म्हणाली, "ठेवस मी," आणि फोन ठेवला. मुलीचा आवाज काही ऐकायला मिळाला नाही, याचंच मला त्या दिवशी वाईट वाटलं.

घरी पोचलो त्या दिवशी बायकोने सांगितलं. दुकानदाराने हौसेने फोनचा स्पीकर लावला होता. "परदेशनो फोन छे, बधा सांभळो," असं म्हणून सगळ्यांना ऐकायला बोलावलं होतं. आबा फोनवर वाकून बोलत होते, पण नजर सवयीने सोबत आलेल्या आईच्या तोंडाकडे. माझं आधीचं बोलणं त्यांच्या ओरडण्याखाली दबून गेलं होतं; ते श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात फोनच्या डब्यातून माझा आवाज आला आणि आईचे ओठ हलले. अख्खं वाक्य, 'बाजूले'पर्यंत. मग तिला कळलं आपण काय सांगितलं ते, आणि तिने पदर तोंडात कोंबला. साबण घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "आबा, पोऱ्या साहेब व्हई गया." ते मात्र आईने ओठांवर आणलं नाही. आबा बाजूला झाले आणि चपला तिथेच विसरून घरी गेले.

मी आईला म्हणालो, "आबाले सांग, मी चुकनू."

ती तांदूळ निवडत होती. "तुना शब्द मना तोंडमा आते नको," एवढंच म्हणाली.

आणि तिने ते पाळलं. सुनेचं, नातीचं, दारावर येणाऱ्या कुणाचंही ती त्यांना सांगायची. मी बोलायला लागलो की तिचे ओठ मिटायचे. आबा रागावलेले दिसत नव्हते. सुनेला मला वाढायला सांगायचे, नवे माग कसे चालतात ते विचारायचे, आणि उत्तर द्यायला मी तोंड उघडलं की नळाकडे बघायचे.

एका सकाळी मी त्यांच्या समोर जाऊन बसलो. ते ओट्यावर शेंगा सोलत होते. मी सावकाश, ओठ नीट उघडून म्हणालो, "आबा, त्या दिवशी फोनवर..."

त्यांनी डोळे मिटले.

मी बोलत राहिलो. जे सांगायचं होतं ते सगळं मोठ्याने सांगितलं, मला त्यांची लाज वाटली होती हेसुद्धा. शेजारच्या ओट्यावरची बाई ऐकत होती. आबांनी मध्ये एकदा डोळे उघडले, माझे ओठ अजून हलताहेत असं पाहिलं आणि परत मिटले. हातातली शेंग तशीच होती.

शेवटी मी थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, माझ्या बंद तोंडाकडे पाहिलं, आणि उरलेली शेंग सोलत विचारलं, "जेवना का?"

मी मान हलवली. तेवढी त्यांनी पाहिली.