पेंटरकाकांच्या भिंतीचा दुसरा हात

चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेल्या माणसाने आपली भिंत रंगवून द्या म्हणून चर्चकडे अर्ज करावा, हे ऐकून पाळकही क्षणभर गोंधळले. पण पेंटरकाकांनी चेहरा असा काही केविलवाणा केला, की त्यांचं घर यादीत पहिलं लागलं.

यादी दूरच्या एका गावातल्या चर्चच्या तरुण संघासाठी होती. ही पोरं आठवडाभर सेवेसाठी या मोठ्या शहरात येणार आणि एकट्या म्हाताऱ्यांची घरं रंगवून देणार. काकांचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक खोली. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हापासून दाराची कडी वाजवायचा तो फक्त मीटर बघणारा, आणि तोही बसत नसे. गुडघे कुरकुरले तरी काकांचा हात अजून पक्का होता. मनात आणलं असतं तर एका दिवसात खोली चकाचक. पण मग घरात माणसं कशी आली असती?

शिवाय रंगाचे हात दोन. पहिला सुकायला रात्र लागते. म्हणजे पोरं दोन दिवस येणार! काका सकाळी सातपासून दारात उभे.

नऊला सहाजण आले. पुढे त्यांची म्होरकी, ताई. तिने आधी प्रार्थना केली, "प्रभू, या एकाकी वृद्धावर कृपा कर." हा वृद्ध कोण, ते बघायला काकांनी एक डोळा उघडला.

मग रंगकाम सुरू झालं. रंगकाम कसलं, भिंतीवर अत्याचारच तो! 'शिडी' नावाच्या उंच पोराने ब्रश असा धरला होता, जसा विंचू शेपटीला धरलाय. एक मुलगी खालून वर रंगवत निघाली होती. घासकाम, भेगांत लांबी भरणं वगैरे गोष्टी त्यांच्या गावात अजून पोचल्या नसाव्यात.

"बरोबर चाललंय ना, आजोबा?" शिडीने विचारलं.

"फर्स्टक्लास!" काका म्हणाले आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

"तुम्ही बसा हो. तुम्हाला नाही झेपायचं."

काका बसले. दुपारी बिस्किटं खाताना ताईने काकांच्या बायकोचा फोटो बघितला. "लग्न कसं जमलं तुमचं?"

"लांबलचक गोष्ट आहे."

"मग उद्या सांगायची. पहिल्यापासून. उद्या दुपारपर्यंत आम्ही इथेच."

संध्याकाळी पोरं गेली आणि काका भिंतीसमोर एकटे उरले. ओघळ, पट्टे, चिकटलेले ब्रशचे केस. त्यांनी खुर्ची फिरवली आणि दाराकडे तोंड करून जेवले. पण पाठीमागे भिंत होतीच.

पहाटे उठून त्यांनी ठरवलं, एवढा एकच ओघळ घासू. घासला, तर तिथे डाग दिसायला लागला. डाग झाकला, तर शेजारचा पट्टा डोळ्यांत खुपायला लागला. एक भिंत झाली, तेव्हा बाकीच्या तीन भिकार दिसू लागल्या. नऊला कडी वाजली तेव्हा काका शेवटच्या कोपऱ्यात होते, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

"आयला! आजोबा छुपे रुस्तम निघाले!" शिडी ओरडला.

ताईचे डोळे चमकले. "बघा, प्रभूने आपला अर्धा दिवस वाचवला! समोरच्या गल्लीतल्या आजी कालपासून वाट बघतायत."

"अगं, तिसरा हात द्यावा लागतो," काका म्हणाले. रंगाच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते.

"या भिंतीला हात लावायची आमची हिंमत नाही."

"मग मी येऊ आजींकडे? घासकाम दाखवतो."

"छे! आम्ही तुमची सेवा करायला आलोय, करून घ्यायला नाही. आराम करा तुम्ही."

"आणि ती लग्नाची गोष्ट..."

"पुढच्या वेळी नक्की!" ती जिन्यातून म्हणाली.

काका खिडकीशी गेले. पोरं डबे वाजवत रस्ता ओलांडत होती. पलीकडे पोचल्यावर शिडीने वळून जोरजोरात हात हलवला, चुकून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघून.

काकांनीही हलवला.