ओदिलने सायकल आडवी टाकली

माझ्या नवऱ्याला, ओदिलला, गावात अजून पळपुटा म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या एकानेही तो रविवार पाहिलेला नाही. मी पाहिलाय.

आठवडाभर ओदिल लेये नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून धागा सुटावा म्हणून जवसाच्या काड्यांचे भारे भिजत घालायचा. रविवारी शहरातल्या लाकडी ट्रॅकवर, मोटारसायकलच्या मागे हातभर अंतराने सायकल पळवायचा. कधी तिसरा यायचा, कधी चौथा. पेपरात नाव छापलं तर तेही चुकीचं. आमच्याच गल्लीतला कामिल लोटेन्स मात्र जिंकायचा.

१९१२ सालच्या त्या रविवारी कामिलच्या पुढच्या मोटारसायकलचं टायर फुटलं आणि कामिल कठड्यावर आपटला. तो गेला हे वरच्या बाकांवरूनसुद्धा कळत होतं. नोकरांनी त्याला मधल्या गवतावर ठेवून ताडपत्री टाकली, रक्तावर भुसा पसरला. ट्रॅकचा मालक वाल्के याने भोंगा तोंडाला लावून पुढची शर्यत पुकारली. ती ओदिलची होती.

ओदिल वाल्केकडे गेला. "साहेब, आधी त्याला घरी जाऊ द्या."

"लोकांनी तिकिटं काढलीत. त्याला न्यायची गाडी येईल तेव्हा येईल. तू चढ."

"त्याची आई समोर बसलीय."

"मग न्या की तिला बाहेर कोणीतरी."

ओदिलने सायकल ट्रॅकवर आडवी टाकली आणि शेजारी बसला. मोटारसायकली थांबल्या. मग बाटल्या सुरू झाल्या.

"ऊठ रे भित्र्या!"

"फाटली वाटतं याची!"

एका बाटलीने त्याची भुवई फुटली. मी खाली उतरले आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने कामिलची आईही आली. तेव्हा कुठे कामिलला न्यायला गाडी मिळाली. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच मागे मोटारसायकली परत धडधडायला लागल्या.

ओदिलवर कायमची बंदी आली. 'धीर खचला बिचाऱ्याचा,' असं वाल्केने पेपरवाल्यांना सांगितलं.

परवा आमच्या जत्रेत तोच वाल्के कामिलच्या नावाचा चषक घेऊन आला. ओदिल त्याला म्हणाला, "त्यावरून कामिलचं नाव खोडा."

वाल्के हसला. "अजून राग धरून बसलायस होय?"

"हो," म्हणून ओदिल नदीकडे चालता झाला.

मी नाही गेले. मी तिथेच, सगळ्यांदेखत, त्या रविवारी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मेयरने माझा दंड धरला. "झुल्मा, पाहुण्यांसमोर शोभतं का हे?" मी हात झटकला आणि पुढे सांगत राहिले.