कागदावर न उमटलेला झटका

दवाखान्यात तिला सगळे वायरताई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षं लोकांच्या डोक्याला तारा चिकटवल्यावर दुसरं काय नाव पडणार? टेपने डोकं मोजायचं, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, केस बाजूला सारून प्रत्येक खुणेवर पेस्टचा ठिपका लावायचा आणि तार बसवायची. मग यंत्राच्या लेखण्या मेंदूतली वीज कागदावर रेखाटत. माणूस खोकला, पापणी लवली, की रेघा बिघडत. तिथे वायरताई समासात बारीक अक्षरात लिहायची: 'खोकला', 'पापणी', कधी 'रडू'. मेंदूचे डॉक्टर अशा रेघांना कचरा म्हणत. रडण्याला कचरा म्हणणं तिला कधीच पटलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांची खोली व्हरांड्याच्या या टोकाला, मनाच्या डॉक्टरीणबाईंची त्या टोकाला, आणि दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. "बाईंचं सगळं हवेत," असं डॉक्टर म्हणत. "त्यांना तारा दिसतात, माणूस दिसत नाही," असं त्या म्हणत. फरफट व्हायची ती रोग्यांची.

त्या दिवशी तिशीतली एक बाई आली. शाळेत कारकून होती. आठवड्यातून दोनदा ती धाडकन पडायची, हातपाय झाडायची. नवरा बाहेर बाकावर बसला होता. तारा लावता लावता ती हळूच म्हणाली, "ताई, काहीतरी बिघाड दाखवा ना. कागद चांगला आला तर आमचे हे त्याला सोंग समजणार. मला भावाकडे सोडून येतो म्हणालेत, कायमचं."

वायरताईचा हात थांबला. आजवर आलेल्या सगळ्यांनी कागद चांगला यावा म्हणून देव पाण्यात ठेवले होते.

यंत्र चालू असताना बोलायचं नाही, हा नियम. पण तिला धीर द्यावा म्हणून वायरताईने विचारलंच, "आई कुठे असते तुझी?"

"गेली. मला कळवलं चौथ्या दिवशी," ती म्हणाली आणि तिचं अंग ताठ झालं. हातपाय आपटू लागले. रेघा विस्कटल्या, पण झटका थांबताक्षणी मेंदूची चाल निरोगी, जशीच्या तशी. वायरताईने समासात लिहिलं: 'आईची आठवण. झटका.'

डॉक्टरांनी कागद चाळला. "ही अपस्माराची फिट नाही. मेंदू ठणठणीत." ते सही करायला वाकले.

वायरताईला स्वतःची आई आठवली. तीही अशीच पडायची, स्वयंपाकघराच्या दारात. घरातले सोंग म्हणायचे. एकदा भानावर येऊन आईने तिचा हात धरला होता, "तुला तरी खरं वाटतं ना गं?" चौदा वर्षांच्या वायरताईला शाळेला उशीर होत होता. तिने हात सोडवून घेतला होता.

तिने टेबलावरचा कागद उचलला आणि तडक त्या टोकाला निघाली. डॉक्टर मागून ओरडत आले. डॉक्टरीणबाईंच्या दारात दोघं समोरासमोर उभे ठाकले.

"मेंदूत काही नाही," डॉक्टर म्हणाले.

कागद आता डॉक्टरीणबाईंच्या हातात होता, बोट समासातल्या अक्षरांवर. "मग मन काय मेंदूबाहेर भाड्याने राहतं? झटका कुठून आला?"

डॉक्टर रागाने काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी चष्मा लावला आणि समास वाचला, बहुधा तीस वर्षांत पहिल्यांदाच. मग खुर्ची ओढून बसले. "मेंदूतूनच आला," ते सावकाश म्हणाले. "पण माझ्या लेखण्यांना दिसतो तो हा नव्हे."

अर्ध्या तासाने रिपोर्टवर दोघांच्या सह्या झाल्या. डॉक्टरांनी तो नवऱ्याला स्वतः वाचून दाखवला: झटके खरे आहेत, ती मुद्दाम करत नाही, उपचार आवश्यक.

"मग गोळ्या?" नवऱ्याने विचारलं.

"बोलायला यायचं, दर मंगळवारी," बाई म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा."

त्याने मान डोलावली. तिला भावाकडे सोडायचा विषय त्याने काढला नाही.

आत वायरताई कोमट पाण्याने त्याच्या बायकोच्या केसांतली पेस्ट काढत होती. तिने वायरताईचं मनगट धरलं. "ताई, तुम्हाला तरी खरं वाटलं होतं ना?"

"हो गं," वायरताई म्हणाली. "खरं वाटलं." पेस्ट केव्हाच निघाली होती, तरी तिने हात सोडवून घेतला नाही.